सुपर निन्टेंडोवरचा डूम: फरशी कुठे गेली? आणि लाल कॅसेटीबद्दल मदत हवी

सांजवारा

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सवडीनं वाचा.

माझा चुलतभाऊ एडिसनला असतो, न्यू जर्सीत. यंदा त्यांनी घर बदललं तेव्हा तळघरातून त्याच्या शाळेच्या दिवसांतला सुपर निन्टेंडो निघाला. मला जुन्या गेम्सचं वेड आहे हे त्याला माहीत होतं, त्यामुळे दिवाळीला येताना बॅगेत घालून घेऊनच आला. सोबत नऊ कॅसेटी, आठ राखाडी आणि एक लालभडक. लालवाली डूमची, म्हणजे त्या बंदूक घेऊन राक्षस मारत फिरायच्या गेमची.

आता माझा डूम म्हणजे १९९६ चा, सांगलीतल्या कॉम्प्युटर क्लासमधला. क्लास सुटला की सर अर्धा तास खेळू द्यायचे, चारशेशहाऐंशी मशीन, काळा-पांढरा मॉनिटर, आणि दोन फ्लॉपींवर आलेला फुकटातला पहिला भाग. नऊ लेव्हल्स फक्त, पण त्या नऊ अशा तोंडपाठ झाल्या होत्या की अजूनही डोळे मिटून सांगतो कुठल्या वळणावर कोण उभा आहे. घरी टीव्हीला जोडायचा आठ बिटवाला होता, त्यावर रणगाडे आणि काँट्रा, पण डूमसारखं काही टीव्हीवर चालू शकतं हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तरी मी विश्वास ठेवला नसता.

अमेरिकन मशीन इथल्या प्लगात घालायची हिंमत झाली नाही म्हणून आधी लॅपटॉपवर एम्युलेटरमध्ये, म्हणजे जुन्या मशीनची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघितला. पहिली दहा मिनिटं खरं सांगतो वाईट वाटलं. जमिनीवर काही नक्षीच नाही, छतावरही नाही, सगळं एका रंगाचं सपाट. चित्र छोटं आणि भोवती काळी चौकट. राक्षस कायम माझ्याकडेच तोंड करून, पाठ कुणाचीच दिसत नाही. हलताना अडखळत हलतं. सेव्ह नाही, पासवर्डसुद्धा नाही.

पण मग एक गंमत झाली. पहिल्याच लेव्हलला सुरुवातीच्या खोलीच्या खिडकीतून बाहेर ते निळं चिलखत दिसतं ना, तिकडे जायची चोरवाट मी न शोधता सापडली. म्हणजे डोकं अजून स्क्रीनला नावं ठेवत होतं आणि बोटं आपोआप वळत वळत तिथे पोचली. भिंती, दारं, वळणं, सगळं जिथल्या तिथे! तीस वर्षांनी सांगलीच्या त्या खोलीत बसल्यासारखं झालं.

तर आता मला कळत नाहीये की ही आवृत्ती चांगली म्हणायची की वाईट. जाणकारांनी सांगा की फरशीच का काढली, बाकी इतकं सगळं ठेवलं तर? हा गेम पूर्ण खेळण्यालायक आहे का? आणि हो, ॲडॅप्टरचं काय करू?

रेषाबिंदू

वा, काय प्रश्न विचारलाय! मी ग्राफिक्स प्रोग्रॅमिंग करते आणि हा माझा सगळ्यात आवडता पोर्ट (एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर आणलेला) आहे, त्यामुळे लांब लिहिणार आहे, सांभाळून घ्या.

आधी मशीन काय होतं ते बघा. सुपर निन्टेंडोचा मुख्य प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झवर चालतो, रॅम १२८ केबी. पीसीवरच्या डूमला किमान ३८६ आणि ४ एमबी रॅम लागायची, म्हणजे बत्तीस पट. शिवाय सुपर निन्टेंडो हा मुळात ठिपके रंगवायचं मशीनच नाही. त्याला आठ बाय आठ ठिपक्यांच्या तयार टाइल्स द्यायच्या आणि तो त्या पडद्यावर मांडतो, मारिओसाठी उत्तम, पण डूममध्ये प्रत्येक फ्रेमला अख्खं चित्र नव्यानं काढावं लागतं. म्हणून कॅसेटीतच दुसरा प्रोसेसर घातलाय, सुपर एफएक्स २, साधारण २१ मेगाहर्ट्झचा. याची आधीची आवृत्ती आर्गोनॉट कंपनीनं बनवली होती आणि १९९३ च्या स्टार फॉक्समध्ये ती होती. तर तुमच्या लाल कॅसेटीत कॉम्प्युटर आहे आणि राखाडी डब्याचं काम बरंचसं चित्र टीव्हीपर्यंत पोचवायचं आहे, असं म्हटलं तरी चालेल.

आता फरशी. डूममध्ये भिंत उभ्या पट्ट्यांनी रंगवतात. एका उभ्या पट्टीतला भिंतीचा प्रत्येक ठिपका तुमच्यापासून सारख्याच अंतरावर असतो, कारण डूममधली भिंत नेहमी सरळ उभी. म्हणजे अंतराचा हिशोब पट्टीमागे एकदाच करायचा आणि मग वरून खाली नक्षी ओतत जायची. फरशीला हे चालत नाही. पायाजवळची फरशी जवळ, समोरची लांब, म्हणजे प्रत्येक आडव्या ओळीला वेगळं अंतर. ओळ बदलली की हिशोब पुन्हा, आणि ओळीत सरकताना नक्षीवर दोन दिशांनी सरकायचं. वर कुठल्या खोलीची फरशी कुठून कुठपर्यंत दिसतेय याची नोंद ठेवायला मेमरी लागते ती वेगळीच. शिवाय फरशीची एकेक नक्षी ६४ बाय ६४, म्हणजे ४ केबी, आणि कॅसेट सगळी मिळून २ एमबीची! एकच रंग फासायचा तर यातलं काहीच लागत नाही.

काळ्या चौकटीचंही तसंच. एफएक्सनं काढलेलं चित्र व्हिडिओ मेमरीत न्यायला वेळ मिळतो तो टीव्हीची रेघ खालून वर परत जाते तेवढ्या क्षणात. चित्र जितकं छोटं तितकं न्यायचं कमी, आणि वरखाली काळं ठेवलं की न्यायला वेळही जास्त मिळतो. अजून एक, नीट बघा, प्रत्येक ठिपका आडवा दुप्पट रुंद आहे. पीसीवर एफ५ दाबलं की असंच व्हायचं, तुमच्या क्लासच्या चारशेशहाऐंशीवर सरांनी तेच करून ठेवलेलं असण्याची शक्यता आहे.

एवढं करूनही सेकंदाला दहाच्या आसपास फ्रेम्स मिळतात, पीसीवर कमाल ३५ होत्या. त्यात फरशीची नक्षी घातली असती तर काय उरलं असतं? माझ्या मते तिथे बरोबर निवड केलीय. डूम फरशी बघायचा गेम नाही, पुढच्या दारामागे काय आहे याचा गेम आहे.

हडसनकाठ

लाल कॅसेट! मंडळी मी त्याच भागात वाढलो, जर्सी सिटीला. १९९५ च्या सप्टेंबरमध्ये आली ही, मी सातवीत होतो. घरात कॉम्प्युटर होता तो बाबांच्या ऑफिसच्या कामाचा, त्याला हात लावायचा नाही, त्यामुळे डूम फक्त मित्राच्या घरी दोन मिनिटं बघायला मिळालेला. शुक्रवारी संध्याकाळी आई व्हिडिओच्या दुकानात न्यायची, एक पिक्चर तिच्यासाठी आणि एक गेम माझ्यासाठी, रविवारी रात्री परत. सेव्ह नाही म्हणजे काय हे तेव्हा कळलं. एक भाग सुरू केला की एका बैठकीत संपवायचा नाहीतर पुन्हा पहिल्यापासून. शनिवारी रात्री मी टीव्ही बंद करायचो, गेम पॉजवर ठेवून मशीन तसंच चालू, लाल दिव्यावर मोजा टाकायचो म्हणजे आईला दिसू नये.

सांजवारा, तुम्हाला एक महत्त्वाची गोष्ट सांगतो नाहीतर गोंधळ होईल. सोप्या पातळीवर खेळलात तर फक्त पहिलाच भाग मिळतो. दुसरा भाग निवडायला मधली पातळी लागते आणि तिसऱ्यासाठी अल्ट्रा व्हायोलन्स किंवा नाइटमेअर या सगळ्यात अवघड पातळ्यांपैकी एक. मला हे महिनाभर माहीत नव्हतं, मला वाटायचं कॅसेट खराब आहे.

आणि त्याचं संगीत, अहो संगीताबद्दल कुणी बोलतच नाही! पीसीवर साध्या साउंड कार्डातून ते एफएम पद्धतीचं पिपाणीसारखं यायचं. सुपर निन्टेंडोचा आवाजाचा चिप सोनीचा, खऱ्या वाद्यांचे छोटे नमुने वाजवणारा, त्याला रॅम ६४ केबीच पण त्यातून पहिल्या लेव्हलची ती गिटार काय दणकते. मी अजूनही गाडीत ऐकतो. बॉबी प्रिन्सच्या मूळ चाली मला तरी यातच सगळ्यात भरदार वाटतात.

घाटमाथा

माफ करा पण मी वेगळं मत मांडणार आहे. आठवणी वगैरे ठीक आहे, पण आज एखाद्याला कन्सोलवरचा जुना डूम खेळायचा असेल तर त्यानं पहिल्या प्लेस्टेशनचा खेळावा, १९९५ च्याच नोव्हेंबरमधला. ५९ लेव्हल्स, डूम आणि डूम २ दोन्ही एका सीडीत, रंगीत प्रकाश, म्हणजे ॲसिडच्या खोलीत सगळं हिरवट, रक्ताच्या खोलीत लालसर. ऑब्री हॉजेसचं ते संगीत, संगीत म्हणजे चाल नाहीच, लांबून कुणीतरी कण्हतंय, बाळ रडतंय, अंगावर काटा येतो. फरशीही आहे, फ्रेमरेटही चांगला, पासवर्ड आहे. दोन मशीनं वायरनं जोडून समोरासमोर खेळता येतं. याच्यापुढे सुपर निन्टेंडोचा म्हणजे केवळ करून दाखवलं एवढंच. करून दाखवणं आणि खेळायला चांगलं असणं यात फरक आहे ना?

रेषाबिंदू म्हणतात फरशी गौण, पण राक्षसाची पाठ पण गौण का? पीसीवर प्रत्येक राक्षस आठ दिशांनी काढलेला होता. तो पाठमोरा दिसला की कळायचं अजून त्यानं बघितलेलं नाही, मग ठरवायचं की आत्ता मारू की गुपचूप बाजूनं जाऊ. सगळे समोरच बघतायत म्हटल्यावर ते गेलंच. ही शोभेची गोष्ट नव्हती, ही खेळातली गोष्ट होती, आणि ती गेली याचं मला खरंच वाईट वाटतं.

रेषाबिंदू

@घाटमाथा, पाठीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. जागेपायी गेली ती, राक्षसांची चित्रं कॅसेटीत सगळ्यात जास्त जागा खातात. सेगाच्या ३२एक्सवर पण हेच झालं होतं.

पण प्लेस्टेशनबद्दल एक गोष्ट सांगते जी तुम्हाला कदाचित आवडणार नाही. त्यातल्या पहिल्या डूमच्या बऱ्याच लेव्हल्स मूळ नाहीत. १९९४ मध्ये डूमचा मुख्य प्रोग्रॅमर जॉन कारमॅक यानं स्वतः अटारी जॅग्वारसाठी डूम केला, तेव्हा मशीनला झेपावं म्हणून नकाशे सोपे केले, खोल्या कमी, पायऱ्या कमी, उंचीतले फरक कमी. ते सोपे केलेले नकाशे पुढे ३२एक्सला गेले, प्लेस्टेशनला गेले, थ्रीडीओला गेले, २००१ मध्ये गेमबॉय ॲडव्हान्सलाही तेच. सगळं एकच घराणं. म्हणजे तुमच्या प्लेस्टेशनवर प्रकाश रंगीत आहे पण खोली छाटलेली आहे.

सुपर निन्टेंडोचा या घराण्यातला नाही. त्यात नकाशे पीसीचे आहेत. म्हणून सांजवारांची बोटं आपोआप चोरवाटेला गेली! बाकीच्यांनी फरशी वाचवायला भिंती हलवल्या, यानं भिंती वाचवायला फरशी सोडली. पाच लेव्हल्स नाहीत त्यात, २७ पैकी २२ आहेत, गेल्या त्या दुसऱ्या-तिसऱ्या भागातल्या, पण ज्या आहेत त्या त्यांच्या मापाच्या आहेत. आणि भागाच्या शेवटचे मोठे राक्षस, सायबरडीमन आणि कोळीण, दोघेही आहेत, जॅग्वारवर आणि ३२एक्सवर दोघेही नव्हते. भागाच्या शेवटी राक्षसच नाही म्हटल्यावर भाग संपणार कसा?

घाटमाथा

हे नकाशांचं मला खरंच माहीत नव्हतं. मी पीसीवर डूम २ आधी खेळलो आणि पहिला डूम थेट प्लेस्टेशनवर, त्यामुळे माझ्यासाठी तेच मूळ होतं. रात्री दोन्ही शेजारी लावून बघतो.

तिसरीघंटा

या पोर्टमागची गोष्ट कुणी सांगितली नाही अजून म्हणून लिहितो, माझ्या दृष्टीनं खरी कमाल तिथे आहे.

हा गेम रँडी लिंडेन या एका माणसानं उभा केला. कॅनडाचा माणूस, त्याआधी १९८९ मध्ये अमिगा कॉम्प्युटरवर ड्रॅगन्स लेअर हा गेम आणला होता त्यानं, आणि नंतर पीसीवर प्लेस्टेशनचे गेम चालवणारं ब्लीम पण यानंच बनवलं. डूमचं त्याला कुणी काम दिलं नव्हतं. आपलं आपणच सुरू केलं, करून बघू या म्हणून, आणि चालतंय असं दिसल्यावर तो नोकरी करत होता त्या सॉल्ट लेक सिटीच्या स्कल्पचर्ड सॉफ्टवेअरला दाखवलं.

आता ऐका, त्याच्याकडे डूमचा सोर्स कोड नव्हता. एक ओळ नाही. चाहत्यांनी डूमच्या फायली उलगडून त्यात काय कुठे आहे याचं एक टिपण लिहून ठेवलं होतं, ते वाचून त्यानं नकाशे आणि चित्रं बाहेर काढली आणि त्यांना चालवणारं इंजिन मात्र शून्यापासून स्वतःचं लिहिलं. त्याला नाव दिलं रिअॅलिटी इंजिन. म्हणजे हा पोर्ट म्हणायचा की नाही हाच प्रश्न आहे, शरीर डूमचं आणि हृदय दुसरं.

सुपर एफएक्ससाठी प्रोग्रॅम लिहायची साधनंही मिळत नव्हती त्या वेळी. असेंब्लर, लिंकर, डिबगर सगळं त्यानं अमिगावर स्वतः लिहिलं. आणि चाचणीचं मशीन म्हणजे काय, तर स्टार फॉक्सची एक कॅसेट उघडून बदललेली आणि सुपर निन्टेंडोच्या दोन कंट्रोलरच्या वायरी कापून अमिगाच्या पॅरलल पोर्टला जोडलेल्या. त्या वायरींतून प्रोग्रॅम कन्सोलमध्ये जायचा. आमच्या तीर्थरूपांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यांना हे वाचून दाखवलं तर म्हणाले हा आपल्यातला माणूस.

२ एमबी ही सुपर एफएक्स २ ची कमाल मर्यादा होती, आणि त्याच्या सांगण्यानुसार शेवटी त्यात सोळाएक बाइट्स शिल्लक होते. सोळा! हे वाक्य लिहायला मला याहून जास्त लागलेत. उरलेल्या पाच लेव्हल्स का नाहीत याचं उत्तर तेच.

२०२० च्या जुलैमध्ये त्यानं हा सगळा सोर्स कोड जीपीएल लायसन्सखाली गिटहबवर खुला केला, ज्यांना असेंब्ली येते त्यांनी जरूर वाचा.

हडसनकाठ

तिसरीघंटा यांच्या लिखाणात एक भर, त्या दोन एमबीतच त्यानं एक्सबँडसाठी सोय पण ठेवली होती. एक्सबँड म्हणजे सुपर निन्टेंडोवर बसवायचा मोडेम, घरच्या फोन लाइनवरून दुसऱ्या गावातल्या माणसाशी डूममध्ये लढायचं, १९९५ साली, टीव्हीसमोर बसून. आमच्या इमारतीत एकाकडे होता. आम्ही पाच जण त्याच्या खोलीत जमायचो आणि खेळणारा एकच, बाकीचे ओरडून सांगायचे डावीकडे डावीकडे. ओहायोतला कुणीतरी होता पलीकडे, त्याचं नाव गाव काही कळलं नाही, पण तो मागे लपून बसायचा ती जागा मला आजही सांगता येईल.

वाचकमात्र

पहिल्यांदाच लिहितेय. एक शंका, निन्टेंडोवर रक्त चालत नव्हतं ना? मॉर्टल कॉम्बॅटमध्ये घाम केला होता असं ऐकलंय, मग डूम कसा काय चालला?

तिसरीघंटा

@वाचकमात्र, बरोबर ऐकलंय, १९९३ चा मॉर्टल कॉम्बॅट तसाच होता. आणि डूमच्या आधी आयडीनंच, म्हणजे डूम बनवणाऱ्या कंपनीनं, आपला आधीचा गेम वोल्फेनस्टाइन सुपर निन्टेंडोवर आणला होता १९९४ मध्ये, त्यात तर रक्ताचा घाम झाला, कुत्र्यांचे मोठे उंदीर झाले, स्वस्तिकाची चिन्हं गेली, हिटलरची मिशी आणि नाव दोन्ही गेलं. पण त्याच वर्षी अमेरिकेत गेम्सवर वयाची शिफारस छापायची पद्धत सुरू झाली, ईएसआरबीची. डब्यावर वय लिहिलंय म्हटल्यावर निन्टेंडोनं हात सैल सोडला. डूम आला तोपर्यंत वाट मोकळी झाली होती.

रेषाबिंदू

वोल्फेनस्टाइनचं नाव निघालंय तर हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो पोर्ट आधी बाहेरच्या माणसाला दिला होता, जमला नाही, मग १९९३ मध्ये डूमचं काम मधेच थांबवून आयडीवाल्यांनी तो स्वतः करायला घेतला. पीसीवरची किरणं सोडून भिंत शोधायची पद्धत त्या मशीनवर फारच सावकाश चालत होती. तेव्हा कारमॅकनं बीएसपी वापरून बघितलं. फुक्स, केडेम आणि नेलर यांच्या १९८० च्या पेपरमधली कल्पना ती. नकाशाचे आधीच तुकडे पाडून एका झाडासारखे मांडून ठेवायचे, म्हणजे खेळाडू कुठेही उभा राहिला तरी कुठली भिंत पुढे आणि कुठली मागे हे चटकन कळतं, सगळ्या भिंती तपासत बसावं लागत नाही. वाड्यात कुठल्या सोप्यातून माजघर दिसतं आणि कुठून दिसत नाही हे जसं घरच्याला न बघता माहीत असतं, तसं.

ते सुपर निन्टेंडोवर चाललं आणि मग तेच डूममध्ये गेलं. डूम ज्याच्या जोरावर उभा आहे ते बीएसपी आयडीच्या हातात आलं ते सुपर निन्टेंडोशी झगडताना! १० डिसेंबर १९९३ ला डूम आला, आणि दोन वर्षांनी लिंडेननं तो परत त्याच मशीनवर आणला. मला ही गोष्ट फार आवडते, मी कॉलेजात शिकवायला जाते तेव्हा बीएसपी इथूनच सुरू करते.

सोल्डर_आणि_चहा

ग्राफिक्सवाल्यांनी छान लिहिलंय पण त्या माणसाचा ॲडॅप्टरचा प्रश्न तसाच राहिला, तो मी घेतो कारण यात मशीन जळू शकतं.

सांजवारा, अमेरिकन ॲडॅप्टर १२० व्होल्टचा आहे, आपल्याकडे २३०. प्लगाचा आकार बदलणारं नुसतं कन्व्हर्टर लावून घातलात तर ॲडॅप्टर गेलाच, अजिबात करू नका. त्याच्यावर आउटपुट वाचा, दहा व्होल्ट डीसी ८५० मिलिॲम्पिअर असेल. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर, २३० चं ११० करणारा, इलेक्ट्रिकच्या मोठ्या दुकानात मिळतो, छोटा पुरे. दुसरा म्हणजे त्याच व्होल्टेजचा आणि किमान तेवढ्या करंटचा इथला ॲडॅप्टर, पण अमेरिकन सुपर निन्टेंडोची पिन निराळ्या आकाराची असते, साध्या गोल जॅकवर जाऊ नका, तिच्यासाठीचाच जोड घ्या. मी ट्रान्सफॉर्मर सुचवीन, मूळ ॲडॅप्टर सोबत आहे ना.

कॅसेट सुरू झाली नाही तर फुंकर मारू नका, थुंकी उडते आणि पट्ट्या गंजतात. कानातल्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसा. आणि इथे डूमची खासियत आहे, सुपर एफएक्सच्या कॅसेटींना मधल्या मोठ्या पट्टीशिवाय दोन्ही टोकांना छोटे जादा संपर्क असतात. बाकीच्या साध्या गेम्सना ते लागत नाहीत म्हणून लोक तेवढे पुसायचे विसरतात, आणि मग सगळे गेम चालतात आणि डूमच चालत नाही. कन्सोलच्या खाचेतही त्या कडांना धूळ असते. स्वस्तातल्या नकली कन्सोलना कधीकधी त्या कडेच्या पिना नसतातच, तिथेही हेच.

सेव्ह नाही याचा एक फायदा, आत बॅटरी नाही. बाकी जुन्या कॅसेटींच्या बॅटऱ्या मेल्या की सेव्ह जातात, बदलायला सोल्डरिंग करावं लागतं. हिला ती चिंता नाही.

एम्युलेटरवर अडखळतंय म्हणालात, तर स्नेस९एक्स या एम्युलेटरमध्ये सुपर एफएक्सचा वेग वाढवायची सोय आहे. वाढवून बघा एकदा. तोच गेम, तोच कोड, फक्त चिप जोरात पळते, आणि लिंडेनला काय करायचं होतं ते एकदम दिसतं.

मधलीसुट्टी

शनीवरचा म्हणजे सेगा सॅटर्नवरचा राहिला की. १९९७. जिम बॅग्लीनं मशीनच्या ग्राफिक्स हार्डवेअरवर चालणारं इंजिन केलं होतं, पण कारमॅकनं ते नाकारलं कारण त्यात भिंतींवरची नक्षी लचकायची. मग सगळं सॉफ्टवेअरवर करावं लागलं आणि सॅटर्नसारख्या मशीनवर फ्रेमरेटचे बारा वाजले. नंतर कारमॅकनंच म्हटलंय की करून बघू द्यायला हवं होतं. हे आठवलं की मला वाटतं, लिंडेनला आधी कुणी विचारलंच नाही हे किती बरं झालं, आधी परवानगी मागायला गेला असता तर फरशीशिवाय डूम कुणी मान्य केला असता?

थ्रीडीओचंही बघा, रिबेका हाइनमन यांच्याकडे काम आलं तेव्हा हातात दहा आठवडे होते. फ्रेमरेट वाईट आहे पण संगीत खऱ्या बँडनं वाजवलेलं, ते ऐकाच.

घाटमाथा

दोन्ही लावून बघितले, सुपर निन्टेंडो आणि प्लेस्टेशन, आणि तिसऱ्या खिडकीत पीसी. रेषाबिंदू, तुमचं बरोबर आहे, मी लिहून देतो. पहिल्याच भागात फरक दिसतो, प्लेस्टेशनवर काही ठिकाणी पायऱ्याच नाहीत, सपाट आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं ती खोली तशीच असते.

खेळायला मला अजूनही प्लेस्टेशनचाच आवडतो, तो अंधार दुसरीकडे नाही. पण केवळ करून दाखवलं असं जे मी वर लिहिलं ते मागे घेतो. वेग वाढवून खेळलो, सोल्डर_आणि_चहा यांनी सांगितलं तसं, आणि एल-आर बटणांनी बाजूला सरकत सरकत दोन बॅरन मारले, पूर्ण डूम वाटतो. फरशीकडे नंतर लक्षच गेलं नाही.

सांजवारा

मंडळी किती लिहिलंत, मनापासून आभार. वृत्तांत देतो.

ट्रान्सफॉर्मर आणला. कॅसेट आधी चालली नाही, बाकी आठ चालल्या आणि हीच काळा पडदा. वरचा प्रतिसाद वाचलेला नसता तर मी ती मेली म्हणून ठेवून दिली असती. कडेचे ते छोटे संपर्क पुसले, काडी काळीकुट्ट निघाली, आणि दुसऱ्या वेळेला सुरू!

टीव्हीवर लॅपटॉपपेक्षा बरंच बरं दिसतं. जुना पेटीवाला टीव्ही आईच्या खोलीत होता तो लावला, तर ते रुंद ठिपके एकमेकांत मिसळून जातात आणि काळी चौकट टीव्हीच्या कडेत अर्धी लपते. हे मुद्दाम लिहितोय कारण मी सुरुवातीला जी नावं ठेवली ती निम्मी लॅपटॉपच्या स्क्रीनला ठेवायला हवी होती.

पहिला भाग काल संपवला, मधल्या पातळीवर, एका बैठकीत, पावणेतीन तास. आज दुसरा सुरू केलाय. इथून पुढचं मी आयुष्यात बघितलेलं नाही, क्लासच्या फ्लॉपीत नव्हतंच ते. चाळिशी उलटल्यावर डूमची नवीन लेव्हल पहिल्यांदा बघतोय, ती पण मूळ मापाची, याचं काय वाटतंय ते मला लिहिता येत नाहीये.

आत्ता रात्रीचे साडेबारा झालेत, सायबरडीमनच्या आधीच्या लेव्हलला आहे आणि उद्या सकाळी ऑफिस. पॉजवर ठेवून टीव्ही बंद केलाय. रात्रभर मशीन असं चालू ठेवलं तर ट्रान्सफॉर्मरला काही होणार नाही ना? कुणी जागं असेल तर सांगा.

सोल्डर_आणि_चहा

जागा आहे. छोटा ट्रान्सफॉर्मर रात्रभर गरम राहणार, लोड कमी आहे त्यामुळे तेवढ्यानं बिघडत नाही, पण गादीवर किंवा पडद्याजवळ ठेवू नका, फरशीवर मोकळ्या हवेत ठेवा. तासाभरानं एकदा हात लावून बघा, कोमट असेल तर झोपा, हात टेकवत नसेल तर बंद करा, सायबरडीमन पुन्हा भेटेल.

हडसनकाठ

आणि दिव्यावर मोजा टाका.